जुनी जर्मन छऱ्याची बंदूक एवढा भाव का खाते?

ऑलिंपिक जवळ आलं की वर्तमानपत्रांत नेमबाजी परत येते. १० मीटर एअर रायफल म्हटलं की अंजली भागवत आणि सुमा शिरूर कोण, हे मराठी घरांत सांगावं लागत नाही. या प्रकारात जगभरच्या रेंजवर वॉल्थर, फाइनवेर्कबाउ, आन्शुट्झ अशी जर्मन नावं दिसतात आणि एकेका रायफलीला काही लाख रुपये मोजावे लागतात. इथवर कोडं काही नाही. चांगल्या यंत्राला पैसे पडतातच.

कोडं पुढे आहे. याच कंपन्यांनी आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी १९५० ते १९८० या काळात बनवलेल्या स्प्रिंगच्या एअर रायफलींना युरोप-अमेरिकेत आजही गिऱ्हाईक आहे, आणि तेही हट्टी. या रायफली जड आहेत. त्यांचा छर्रा आजच्या स्वस्तातल्या बंदुकीपेक्षाही हळू जातो. त्या घेऊन आज कोणी मोठी स्पर्धा जिंकणार नाही. तरी माणसं त्या शोधतात, उघडतात, साफ करतात, आतला, हवा निसटू न देणारा वायसर बदलतात आणि घराच्या मागच्या अंगणात १० मीटरवर कागद टांगून तासन् तास बसतात. हे जुन्याचं वेड आहे का? थोडं आहेच. पण खरं कारण यंत्राच्या पोटात आहे. या बंदुकीत एक जन्मजात खोट आहे, आणि त्या खोटीशी जर्मन कारागीर तीसेक वर्षं ज्या तऱ्हेने झुंजले, त्याची ही ओढ आहे.

## पोटात काय असतं

जत्रेत फुगे फोडायला जी बंदूक हातात देतात, तिचं आणि या रायफलींचं तत्त्व एकच. नळी खाली मोडली की आतली जाड स्प्रिंग दाबली जाते आणि तिच्या पुढचा दट्ट्या, म्हणजे पिस्टन, मागे जाऊन खाचेत अडकतो. नळीच्या मागच्या तोंडात छर्रा बसवायचा, नळी सरळ करायची, चाप ओढायचा. स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे झेपावतो, समोरची हवा चेपली जाते आणि एका बारीक भोकातून छऱ्याच्या पाठीवर आदळते. काही रायफलींत नळी मोडत नाहीत. खालचा किंवा बाजूचा दांडा ओढून स्प्रिंग दाबतात. आतलं काम तेच.

सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून दांडा जोरात दाबला की पंप गरम लागतो. इथेही तेच होतं, फक्त सगळं सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास उरकतं, त्यामुळे तापलेल्या हवेला थंड व्हायला वेळच मिळत नाही. हवा इतकी तापते की दट्ट्यापुढे तेलाचा थेंब राहिला असेल तर तो पेट घेतो. डिझेल इंजिनात हेच मुद्दाम घडवतात, इथे ते चुकून घडतं: मोठा आवाज, नळीतून धूर, आणि स्प्रिंगला व वायसरला मार. ‘जुनी आहे बिचारी, जरा तेल पाजू’ म्हणणाऱ्या नव्या मालकाची ही हमखास चूक.

पुढच्या सगळ्यासाठी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. या बंदुकीत हवा आधी साठवलेली नसते. दर वेळी बार उडवताना ती नव्याने दाबायची असते आणि ते काम चाप ओढल्यावर सुरू होतं.

## खोट कुठे आहे

छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा. त्याला पळवण्यासाठी आत धावणारा पोलादी दट्ट्या आणि त्याच्यामागची स्प्रिंग मात्र काही शे ग्रॅमची. एवढं वजन पुढे सुटलं की रायफल मागे सरकणार. न्यूटनचा तिसरा नियम, शाळेतलाच. पण गोष्ट तिथे संपत नाही. दट्ट्या समोरच्या दाबलेल्या हवेवर आपटून थांबतो, तेव्हा रायफल पुढे हिसकली जाते. म्हणजे एका बारात उलटसुलट दोन झटके. आणि ही धुसफूस चालू असताना छर्रा अजून नळीतच असतो.

दारूच्या बंदुकीचा धक्का याच्या कितीतरी पट मोठा, पण तो एकाच दिशेचा. त्यात चाप ओढल्यापासून गोळी बाहेर पडेपर्यंतचा वेळही इथल्यापेक्षा बराच कमी. म्हणूनच मोठ्या शिकारी रायफलीवर वर्षानुवर्षं टिकलेली दुर्बीण साध्या स्प्रिंगच्या एअर रायफलीवर बसवली की खिळखिळी होऊ शकते. मागचा धक्का सोसण्यासाठी ती बनवलेली असते, पुढचा हिसका तिच्या हिशोबात नसतो.

नेमबाजावरही हाच परिणाम होतो. रायफल घट्ट धरली तर ती प्रत्येक वेळी थोडी वेगळी उसळते आणि छर्रे कागदावर विखुरतात. मग अनुभवी लोक सांगतात: हलकी धर, तिला उसळायची तेवढी उसळू दे, फक्त दर वेळी सारखीच उसळू दे. खांद्याचा दाब, गालाचा टेकू, पुढच्या तळव्याची जागा, सगळं जसंच्या तसं. आवाज झाल्यावरही क्षणभर हलायचं नाही. साध्या स्प्रिंग रायफलीवर हात बसलेला माणूस पुढे कोणतीही रायफल बरी चालवतो, असं या छंदातले लोक म्हणतात आणि मला ते पटतं. हिच्यासमोर लपवाछपवी चालत नाही.

## हे सगळं जर्मनीतच का घडलं

थुरिंजिया प्रांतातली झूल आणि त्सेला-मेलिस ही गावं बंदूकवाल्यांची. वॉल्थर, आन्शुट्झ, वायराउख ही तिन्ही घराणी त्सेला-मेलिसच्या परिसरातली, हेनेल झूलची. दक्षिणेत राइनजवळच्या रास्टाटला याकोब मायर आणि योझेफ ग्रामेलश्पाखर यांनी १८९० मध्ये काढलेल्या कारखान्याचं ‘डायाना’ हे नाव जगभर गेलं. नेकार नदीकाठचं ओबर्नडॉर्फ हे माउझर रायफलींचं गाव.

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या शस्त्रनिर्मितीवर बंधनं आणली. दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्तांनी ही निर्मिती पारच बंद केली. थुरिंजिया सोव्हिएत ताब्यात गेला, तेव्हा वॉल्थर आणि आन्शुट्झ पश्चिमेकडे उल्मला आले. वायराउख बव्हेरियातल्या मेलरिश्टाटला आले आणि सुरुवातीला सायकलचे सुटे भाग करून पोट भरू लागले. डायानाची यंत्रसामग्री उचलून ब्रिटनला नेली गेली आणि स्कॉटलंडमधल्या मदरवेलची मिलब्रो कंपनी ‘डायाना’ नावानेच बंदुका विकू लागली. रास्टाटचा कारखाना पुन्हा उभा राहिला तरी ब्रिटनमध्ये त्याला स्वतःचं नाव वापरता येईना, म्हणून तिथे त्याचा माल ‘ओरिजिनल’ या नावाने विकला गेला. ते नाव परत मिळायला १९८४ उजाडलं.

१९५० च्या आसपास जर्मन कारखान्यांना एअर रायफल बनवायची मुभा मिळाली. खऱ्या रायफली घडवलेली माणसं रिकामी बसली होती आणि गावोगावचे नेमबाजी संघ पुन्हा उभे राहू पाहत होते. हत्यार म्हणून काडीची किंमत नसलेल्या वस्तूवर अव्वल दर्जाचे कारागीर तुटून पडले, असं इतिहासात क्वचितच होतं. कार्ल वेस्टिंगर आणि एर्न्स्ट आल्टेनबुर्गर हे दोघे माउझरमधलेच. त्यांनी ओबर्नडॉर्फला काढलेली कंपनी म्हणजे फाइनवेर्कबाउ. (श्टुटगार्टकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना ओबर्नडॉर्फ एका दिवसात करून येण्यासारखं आहे, तिथे शस्त्रांचं संग्रहालय आहे.)

## झटक्यावर तीन इलाज

पहिला इलाज साधा: स्प्रिंग मवाळ ठेवायची आणि रायफल जड करायची. वायराउखची एचडब्ल्यू ५५ आणि वॉल्थरची एलजीव्ही या त्या वाटेच्या. जाड लाकडी दस्ता, वजनदार नळी, आणि मोडणारी नळी दर वेळी त्याच जागी घट्ट बसावी म्हणून तिला वेगळी कडी. झटका राहतो, पण जड अंगात जिरतो. एचडब्ल्यू ५५ चा ‘टायरोलियन’ दस्ता, गालासाठी उंच खोलगट कमान काढलेला, आजही संग्राहकांना भुरळ घालतो. मला तो जरा नटवा वाटतो, पण गाल टेकवला की तक्रार विसरायला होते.

दुसरा इलाज फाइनवेर्कबाउचा. झटका थांबवता येत नाही ना, मग तो माणसापर्यंत पोचूच द्यायचा नाही. त्यांनी नळी, दट्ट्याचं नळकांडं आणि नेम धरायची मागची माशी असा सगळा लोखंडी भाग दस्त्यात रुळांवर बसवला. एरवी तो जागी अडकलेला असतो. चाप सुटताच अडसरही सुटतो आणि तो भाग काही मिलिमीटर मागे घसरतो. खांद्याला आणि गालाला टेकलेलं लाकूड मात्र जागचं हलत नाही. पुढच्या बारासाठी बाजूचा दांडा ओढला की सगळं पुन्हा पुढे येऊन अडकतं. १९६० च्या दशकातली १५० आणि तिच्यामागून आलेल्या ३०० व ३०० एस या रायफलींनी याच युक्तीवर स्पर्धा गाजवल्या. ३०० एस जवळजवळ पाच किलोची. बार होतो तेव्हा एक बारीक ‘टक्’ ऐकू येतो, आणि पहिल्यांदा चालवणारा माणूस हटकून विचारतो, ‘सुटला का?’

तिसरा इलाज सर्वांत धाडसी. कुर्ट गिस यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत डायानाने वापरली. नळकांड्यात एकाऐवजी दोन दट्ट्ये. पुढचा हवा दाबत पुढे धावतो, मागचा तेवढ्याच वजनाचा दट्ट्या त्याच क्षणी मागे धावतो, आणि दोघे दातेरी पट्ट्या व दातेरी चाकांनी एकमेकांना जोडलेले. एकाचा झटका दुसऱ्याने तिथल्या तिथे फेडायचा. रायफल हलायला कारणच उरत नाही. मॉडेल ६०, ६५, ६६ आणि पुढे ७५ ही या पद्धतीची. या रायफलीत मागचा दट्ट्या छऱ्यासाठी काहीच करत नाही. नुसता तोल राखण्यासाठी तो एवढ्या जोरात पळतो. हिशेबनीसाच्या नजरेने ही उधळपट्टी आहे. यंत्रावर प्रेम असलेल्या माणसाला मात्र इथेच भरून येतं. दातेरी चाकं जुळवताना एक दात जरी इकडचा तिकडे झाला तर सगळं गणित फिसकटतं, म्हणून गिस पद्धतीची रायफल उघडायला धीट माणसंही कचरतात.

माझं मत विचाराल तर डोक्याने गिस जिंकते, हाताने फाइनवेर्कबाउ.

## चाप: बोटभर जागेतली करामत

दाबलेली स्प्रिंग जबरदस्त जोर लावत असते, आणि बोटाने मात्र तिला हलक्या, दर वेळी सारख्याच दाबाने सोडायचं असतं. या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. जत्रेतल्या बंदुकीचा चाप ओढता ओढता नेम हलतो तो यामुळेच.

डायाना २७ मध्ये यावर तीन पोलादी गोळ्यांचा तोडगा आहे. दट्ट्याच्या दांड्यावरच्या खाचेत या गोळ्या सभोवार अडकतात आणि बाहेरच्या कड्याने दाबून धरल्या जातात. चाप ओढला की दाब उठतो, गोळ्या बाहेर सरकतात आणि दांडा मोकळा होतो. वायराउखचा ‘रेकॉर्ड’ चाप वेगळ्या जातीचा. एका डबीत एकापुढे एक तरफा, प्रत्येक तरफ जोर थोडा कमी करून पुढे देणारी, आणि शेवटी बोटापाशी काही शे ग्रॅमच उरणारे. १९५० च्या दशकापासून चालत आलेली ही रचना वायराउखच्या रायफलींत आजही बसते. सत्तर वर्षांत तिला कोणी घरी बसवलं नाही.

## एवढं सगळं होतं, तर मागे का पडल्या?

कारण कोणीतरी मूळ प्रश्नच बदलला. दट्ट्या चाप ओढल्यावर धावतो म्हणून झटका येतो. मग हवा आधीच दाबून ठेवली तर? वॉल्थरने १९७४ च्या सुमारास आणलेल्या एलजीआरमध्ये दांडा एकदा ओढून हवा दाबून ठेवायची, आणि चाप ओढल्यावर फक्त झडप उघडायची. आत धावणारं वजनच नाही, मग झटका कुठला? १९८० च्या दशकात फाइनवेर्कबाउही ६०० घेऊन त्याच वाटेने गेली. पुढे भरून ठेवायच्या हवेच्या टाक्या आल्या; आजच्या स्पर्धेच्या रायफलीत नळीखाली दिसते ती हीच टाकी.

गंमत पाहा. एअर रायफल ऑलिंपिकमध्ये आली १९८४ ला, लॉस एंजेलिसमध्ये. ज्या स्प्रिंग रायफलींनी हा खेळ मोठा केला, त्यांच्या निरोपाची तयारी नेमकी तेव्हाच सुरू होती.

म्हणून या जुन्या रायफली अपुऱ्या राहिलेल्या नव्हेत. एका वाटेचं हे शेवटचं टोक आहे, आणि त्या वाटेवर पुढे फारसं कोणी गेलं नाही. रुळांवर घसरणारी किंवा दोन दट्ट्यांची स्पर्धा रायफल आज नव्याने काढायची कोणाला गरज नाही. जी हवी ती जुन्यांतूनच शोधावी लागते.

## ‘पण वेग तर नव्या बंदुकांचा जास्त!’

जाहिरातीत तो असतोच. पण जर्मनीत परवान्याशिवाय मिळणाऱ्या एअर रायफलीला ७.५ ज्यूलची मर्यादा आहे. म्हणजे अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने जातो. १० मीटरवरच्या कागदाला एवढं भरपूर झालं. १० मीटर रायफलच्या कागदावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथे वेग नव्हे, सारखेपणा लागतो. मागे घागऱ्यासारखा पसरलेला शिशाचा छर्रा ध्वनीच्या वेगाजवळ, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरपाशी गेला की डगमगू लागतो. खोक्यावर ध्वनीपेक्षा जास्त वेग छापणारे हे छापत नाहीत. आणि तो वेग मिळवायला जड दट्ट्या, करकरीत स्प्रिंग हवी, म्हणजे झटका पुन्हा दुप्पट.

## ‘पन्नास वर्षांची वस्तू म्हणजे झिजलेलीच’

दारूच्या बंदुकीबाबत ही शंका रास्त आहे. इथे नळीतून मऊ शिसं जातं. दारूची आग नाही, राख नाही. बाहेरून गंज चढू दिला नसेल तर नळी माणसापेक्षा जास्त टिकते. थकतात त्या दोन वस्तू, स्प्रिंग आणि वायसर, आणि दोन्ही बदलता येतात. दाबून ठेवलेली स्प्रिंग लवकर बसते, म्हणून भरलेली रायफल कपाटात ठेवायची नाही. सुरक्षेसाठी तर नाहीच नाही.

वायसरच्या बाबतीत मात्र जुनं ते सोनं हे जरा जास्तच खरं निघालं. जुन्या एचडब्ल्यू ३५ चा चामड्याचा वायसर चार थेंब तेलावर पुन्हा जागा होतो. १९७० च्या दशकात ‘आधुनिक’ म्हणून आलेले प्लॅस्टिकचे वायसर, उदाहरणार्थ फाइनवेर्कबाउ १२४ आणि डायाना ७५ मधले, न वापरताही कपाटात बसून भुगा होतात. रायफल उघडली की आतून पिवळट-तपकिरी चुरा पडतो. फाइनवेर्कबाउ ३०० एस मध्ये दट्ट्यावर धातूचं कडं असल्याने हा त्रास नाही. घेणाऱ्याने लाकडाची चकाकी पाहण्याआधी हे विचारावं.

## ‘शेवटी शस्त्रच ना?’

हो. ७.५ ज्यूलचा छर्राही डोळा घेऊ शकतो. त्यामुळे प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आणि काटेकोर आहे. जर्मनीत पंचकोनात ‘एफ’ हे अक्षर कोरलेली रायफल अठरा वर्षांवरील माणसाला परवान्याशिवाय घेता येते. १ जानेवारी १९७० पूर्वी बनलेल्या, आणि पूर्वीच्या पूर्व जर्मनीत २ एप्रिल १९९१ पूर्वी बनलेल्या एअर रायफलींना या ‘एफ’ची अट नाही. त्यामुळे जुन्या रायफलीला तिथे एक कायदेशीर आकर्षणही आहे: ती पूर्ण ताकदीची असू शकते. ब्रिटनमध्ये मर्यादा १२ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे १६ ज्यूल. स्कॉटलंडमध्ये मात्र २०१६ अखेरपासून त्याखालच्या एअर रायफलीलाही प्रमाणपत्र लागतं.

भारतात २०१६ च्या शस्त्र नियमांत २० ज्यूल आणि ४.५ मिलिमीटर या मर्यादा आहेत. त्यापलीकडे परवाना हवा. अमेरिकेतल्या भावाकडे दिसलेली जुनी डायाना ५.५ मिलिमीटरची असली, तर कितीही मवाळ असो, ती इथे या मर्यादेबाहेर जाते. येताना सामानात टाकून आणायचा विचारच नको. आणि होले टिपायची आपल्याकडची जुनी खोड असेल, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

## ओळखायची कशी

नावावर जाऊ नये. डायाना २७ अमेरिकेत ‘विंचेस्टर ४२७’ आणि ‘हाय-स्कोअर ८०७’ म्हणून विकली गेली, ब्रिटनमध्ये ‘ओरिजिनल २७’ म्हणून. उलट, ब्रिटनमधल्या जुन्या बाजारात ‘डायाना’ लिहिलेली रायफल स्कॉटलंडची निघू शकते. रास्टाटच्या बऱ्याच रायफलींच्या नळकांड्याच्या मागच्या भागावर महिना आणि वर्षाचे बारीक आकडे ठोकलेले असतात. ते आकडे आणि ‘जर्मनीत बनवलेली’ हा शिक्का दिसला, नळी मोडताना सांध्यात खेळ जाणवला नाही, आणि विकणाऱ्याने स्वतःहून वायसरचं वय सांगितलं, तर पुढची बोलणी करायला हरकत नाही.